जुना रेल्वेपूल खालून बघावा: आडवाटेच्या ऐतिहासिक पुलाला भेट देण्याची तयारी, वाट आणि निरीक्षण

जुन्या रेल्वेपुलावरून गाडी मिनिटाभरात निघून जाते. खिडकीतून दरी दिसते, नदी दिसते, समोरचा डोंगर दिसतो. पूल तेवढा दिसत नाही, कारण आपण त्याच्या डोक्यावर असतो. कमानी किती, खांब कशाचे, ते कातळात उतरलेत की वाळूत, शंभर-दीडशे वर्षांत ठिगळं कुठे लागली, हे सगळं खाली उतरल्यावरच कळतं. म्हणून पहिला नियम असा: पूल खालून बघायचा, रुळांवर चढायचं नाही. हा नियम जिवाच्या काळजीपोटी आहेच, पण वर गेलेल्याला पुलातलं काहीच बघायला मिळत नाही, हेही तितकंच खरं.

निघण्याआधी: पूल चालू आहे की बंद?

जुने रेल्वेपूल तीन अवस्थांत सापडतात आणि भेटीची आखणी त्यावरच ठरते.

काहींवरून अजून गाड्या धावतात. इंग्लंडमधला चोवीस कमानींचा रिबलहेड, स्वित्झर्लंडमधला लँडवासर (१९०२), स्कॉटलंडमधला ग्लेनफिनन हे यातले नावाजलेले. अशा पुलांजवळ बहुधा पायवाट किंवा बघण्याची ठरलेली जागा असते. तिथूनच बघायचं.

काहींवरची रेल्वे गेली आणि पूल चालणाऱ्यांसाठी खुला झाला. अमेरिकेत हडसन नदीवरचा पकिप्सीचा पूल १८८९ साली सुरू झाला, १९७४ च्या आगीनंतर बंद पडला आणि २००९ पासून त्यावरून लोक चालत जातात. अशा पुलावर वर जायला हरकत नाही, तरी निम्मा वेळ खालच्या बाजूसाठी राखून ठेवा.

तिसरे नुसतेच सोडून दिलेले. गाडी येत नाही म्हणजे धोका नाही, असं इथे लोकांना वाटतं आणि फसगत होते. लाकडी स्लीपर वरून धड दिसतात, पण आतून कुजलेले असतात. पत्रे खालच्या बाजूने गंजलेले असतात. कठड्याचे दगड निखळलेले असतात. ‘बंद’ म्हणून सांगितलेल्या मार्गावर कधीमधी मालगाडी किंवा देखभालीची ट्रॉलीही येऊ शकते. सोडून दिलेल्या पुलावर चढू नका. तोही खालूनच बघा.

नकाशावर काय शोधायचं

उपग्रहाच्या चित्रात पूल नुसती रेघ दिसतो. म्हणून पूल न बघता त्याची सावली बघा. ऊन तिरपं असताना घेतलेल्या चित्रात शेजारच्या जमिनीवर अख्खा पूल आडवा पडलेला असतो. कमानी मोजता येतात, लोखंडी कैच्या (त्रिकोणांत जोडलेल्या पट्ट्यांचे सांगाडे) असतील तर त्यांची जाळी दिसते. सावली पुलाच्या उंचीच्या मानाने फारच आखूड वाटली, तर चित्र दुपारचं आहे. जुन्या तारखांची चित्रं उघडून बघा, एखाद्यात हमखास हवं ते मिळतं.

मग उंचीच्या रेषा असलेला नकाशा घ्या आणि चार गोष्टी नक्की करा: सर्वांसाठी खुली असलेली पायवाट पुलाखालून जाते का, नदी ओलांडायची वेळ येते का, लांबून पूर्ण पूल दिसेल अशी उंच जागा कोणती, आणि पुलाखालची जमीन कुणाची. शेतातून जावं लागणार असेल तर मालकाला आधी विचारा. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर आपल्या मागे पुन्हा लावा.

पूल कोणत्या दिशेला आहे हेही टिपून ठेवा. उत्तर गोलार्धात विषुववृत्तापासून बऱ्याच अंतरावर पूर्व-पश्चिम जाणाऱ्या पुलाची दक्षिणेकडची बाजू दिवसभर उजेडात असते, उत्तरेकडची बहुतेक वेळ सावलीत. दक्षिण-उत्तर पुलाला सकाळी पूर्वेकडून जावं, दुपारनंतर पश्चिमेकडून. एवढं न बघितल्यामुळे लांबचा प्रवास करून लोक काळ्याठिक्कर कमानी बघून परततात.

ऋतूचं सांगायचं तर पाणी कमी आणि झाडं विरळ असतात ते दिवस सर्वांत चांगले. खांबांचे पाय उघडे पडतात आणि पालवीने झाकलेले कोपरे दिसतात. भर पुरात पूल देखणा दिसतो, पण त्याच्या जवळ जाता येत नाही. वरच्या अंगाला धरण असेल तर कोरड्या पात्रातही न सांगता पाणी सुटू शकतं. अशा पात्रात उतरू नका. काठावरून दिसेल तेवढं पुरे.

गाड्यांचं वेळापत्रक काढून ठेवा, मात्र मालगाड्या त्यात नसतात हे लक्षात असू द्या. पर्यटनासाठी चालवल्या जाणाऱ्या जुन्या रेल्वे ठरावीक हंगामात आणि ठरावीक वारीच धावतात. जवळच्या स्थानकावरून गाडी सुटण्याची वेळ घेऊन पुलापर्यंत यायला गाडीला लागणारा वेळ त्यात मिळवा आणि त्याआधी पंधरा मिनिटं जागेवर हजर राहा.

सोबत काय घ्यावं

दुर्बीण सर्वांत महत्त्वाची, ८×४२ मापाची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) असेल तर उत्तम. रिबिटं (लोखंडी तुकडे जोडणारे ठोकून बसवलेले खिळे) आणि दगडांवरच्या खुणा तिच्याशिवाय दिसत नाहीत. शिवाय पाच मीटरची टेप, टॉर्च, वही-पेन्सिल, घोटा झाकणारे बूट, आणि मोबाईलमध्ये आधीच उतरवून घेतलेला नकाशा, कारण दरीत नेटवर्क जातंच. पाणी, टोपी वगैरे नेहमीचंच. पोचल्यानंतर तीन तास हाताशी ठेवा.

पोचल्यावर लगेच खाली जाऊ नका

आधी लांब उभं राहून पूर्ण पूल बघा. तो सरळ आहे की वळणावर? रूळ सपाट आहेत की चढावर? लँडवासरवर गाडी फक्त १०० मीटर त्रिज्येच्या वळणावरून जाते आणि थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. ६५ मीटर उंचीवरची ही सगळी कसरत लांबूनच उमगते.

आता गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, मोजा. सगळे सारखे आहेत का? नदीवरचा एकच गाळा मोठा असेल तर तिथे पाया घालायला जागा नव्हती किंवा होड्यांना वाट ठेवायची होती. आणि खांब? रिबलहेडला दर सहावा खांब बाकीच्यांपेक्षा जाड आहे. एखादी कमान कोसळली तर शेजारची तिच्या ओढीने जाते, तिच्यामागे पुढची. जाड खांब ती पडझड सहा कमानींपाशी अडवतो. हे एकदा कळलं की इतर लांबलचक पुलांवरही असे जाड खांब शोधण्याची सवय लागते, आणि ते सापडतात.

खाली शिरण्याआधी दहा मिनिटं एका जागी थांबून वर बघा. उष्ण प्रदेशांत उंच कमानींना आणि गर्डरांना (पुलाच्या आडव्या लोखंडी तुळयांना) मधमाश्यांची मोठी पोळी लटकलेली असतात. दुर्बिणीने प्रत्येक कमानीचा माथा तपासा. पोळं दिसलं तर तो गाळा सोडून द्या. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, ड्रोन यांतलं काहीही नको. जमिनीवर ताजे पडलेले दगड-विटांचे तुकडे दिसले तर त्याच्या बरोबर वर काय सैल झालंय ते शोधा आणि तिथे उभे राहू नका.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. काही लोखंडी पुलांवर रुळांखाली तळ नसतो, स्लीपरांमधून थेट आकाश दिसतं. त्यावरून गाडी जात असताना खाली उभं राहिलं तर खडी, कोळसा, तेल आणि जुन्या डब्यांतल्या शौचालयाचं पाणीसुद्धा अंगावर येऊ शकतं. गाडी यायच्या वेळी पुलाच्या सावलीतून बाजूला व्हा.

दगड-विटांचा पूल वाचायचा कसा

तळापासून सुरुवात करा. नदीतल्या खांबाला प्रवाहाच्या बाजूने टोकदार नाक असतं, ते पाणी दुभंगतं. त्या नाकाशी वाळू-मुरूम खरवडला गेलाय का बघा. पूल पडण्याच्या कारणांत हे खरवडणं फार वरचं आहे: पूर खांबाला ढकलून पाडतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो बहुधा खांबाखालची जमीन काढून नेतो. खांबाभोवती मोठे दगड रचलेले किंवा काँक्रीट ओतलेलं असेल, तर हा त्रास तिथे होऊन गेलाय. खांबावर पुराच्या पातळीच्या रंगवलेल्या खुणा असतील तर आपल्या डोक्याशी ताडून बघा.

मग खांबाचं अंग. तळाशी मोठे, खडबडीत तोंडाचे दगड. वर जाल तसे लहान. खांब वरती निमुळता होत जातो. दगडाच्या कडेला छिन्नीने तासलेली बोटभर रुंदीची सपाट पट्टी दिसते, तिच्या आत तोंड ओबडधोबड ठेवलेलं असतं. सांधा अचूक बसावा म्हणून कडा तेवढी तासायची, बाकी मेहनत वाचवायची. टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून तिरपा धरला तर छिन्नीचे घाव एकेक करून दिसतात.

कमान जिथून उठते तिथे काही पुलांवर दगडांची एक ओळ पुढे आलेली असते. तिला शोभेची समजू नका. कमान बांधताना खाली लाकडी सांगाडा लागतो, त्याला टेकू म्हणून हे दगड सोडलेले असत. चावीचा दगड (माथ्यावरचा शेवटचा मधला दगड) बसून चुना धरेपर्यंत कमान त्या सांगाड्यावरच असते.

विटांची कमान असेल तर तिच्या कडेला एकावर एक किती कडी, म्हणजे विटांचे कमानदार थर, आहेत ते मोजा. दोन कड्यांमधून कमानीच्या आकाराने जाणारी फट दिसली, तर ती कडी एकमेकींपासून सुटताहेत. ही गंभीर बाब असते. कमानीच्या पोटातल्या बारीक केसासारख्या चिरेपेक्षा कितीतरी जास्त. पूल तिरका असेल, म्हणजे नदीला काटकोनात नसेल, तर कमानीच्या पोटातल्या विटांचे थर मळसूत्रासारखे फिरत गेलेले दिसतात. जुन्या गवंड्यांचं हे सर्वांत अवघड काम. ते बघायला मान मोडून पाहण्यापेक्षा खाली पाठीवर झोपावं.

विटांचे पूल किती प्रचंड असू शकतात याची कल्पना यावी म्हणून: जर्मनीतला १८५१ साली पुरा झालेला गोल्ट्शताल पूल ७८ मीटर उंच आहे आणि त्याला सुमारे २ कोटी ६० लाख विटा लागल्या. इंग्लंडमधल्या आऊस खोऱ्यातल्या ३७ कमानींच्या पुलाला (१८४१) सुमारे १ कोटी १० लाख. तिथल्या खांबांच्या मधोमध आरपार पोकळी ठेवली आहे. विटा वाचल्या, वजन घटलं, आणि खाली मधोमध उभं राहिलं की एकात एक कमानींची रांग दूरवर जाते.

आता दुरुस्त्या शोधा:

- कमानीच्या बाजूच्या भिंतीवर लोखंडी चकत्या किंवा इंग्रजी एस, एक्स अक्षरांसारखे तुकडे. आतल्या भरावाने भिंत बाहेर फुगू लागली म्हणून आरपार सळई घालून दोन्ही भिंती आवळल्या आहेत.
- पांढरे ओघळ आणि लोंबणारे खडे. वरून झिरपलेलं पाणी चुना विरघळवून खाली आणतं. पाणी काढून द्यायच्या नळ्या तुंबल्याची ही खूण.
- दरजांमध्ये, म्हणजे दगड-विटांमधल्या सांध्यांत, करडं सिमेंट. मूळचा चुना फिकट आणि मऊ असतो, त्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ओल अडवतं, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडाचं तोंड पापुद्र्याने सुटतं. दरज शाबूत आणि दगड खिळखिळा, असं दिसलं तर कारण हे.
- कमानीच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ उभी शिवण. एकेरी मार्ग दुहेरी करताना जुन्या पुलाला नवा चिकटवलाय. शिवणीच्या दोन बाजूंच्या विटांचा रंग आणि माप वेगळं असतं. जुनी बाजू कोणती ते ओळखून बघा.

ग्लेनफिननसारख्या १९०१ च्या काँक्रीटच्या पुलावर दरजा नाहीत, पण साच्याच्या लाकडी फळ्यांचे ठसे शोधता येतात. आत सळया नसलेलं नुसतं काँक्रीट वापरूनही तिथे २१ कमानी उभ्या आहेत, कारण कमानीत भार दाबाचाच असतो आणि दाब काँक्रीट सहज सोसतं.

लोखंडी पूल

पहिला प्रश्न: बिडाचं ओतकाम, घडीव लोखंड की पोलाद?

बिडाचे खांब बहुधा पोकळ, गोल असतात. पृष्ठभाग दाणेदार, लांबीवर साच्याची बारीक रेघ, आतले कोपरे गोलसर. बीड दाब सोसतं, ताण सोसत नाही, वाकण्याऐवजी तुटतं. स्कॉटलंडमधला टे नदीवरचा पूल २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात गाडीसकट कोसळला. त्याच्या बिडाच्या खांबांना आडव्या-तिरप्या पट्ट्या जिथे जोडल्या होत्या, ते ओतीव कान तुटले होते. त्या पुलाच्या खांबांचे बुंधे आजही नव्या पुलाशेजारी पाण्यातून वर दिसतात.

घडीव लोखंडाचा पूल लहान-लहान पट्ट्या, कोन आणि असंख्य रिबिटांनी जोडलेला असतो. ते गंजतं तेव्हा लाकडासारखे थर सुटतात. पोलादाचे तुकडे मोठे असतात आणि गंज खड्ड्याखड्ड्यांनी पडतो. साल अंदाजायला दोन ठळक पूल लक्षात ठेवा: आयफेलच्या कंपनीचा फ्रान्समधला गाराबी (१८८४, कमान १६५ मीटर) घडीव लोखंडाचा, तर स्कॉटलंडमधला फोर्थचा पूल (१८९०) पोलादाचा. अवघ्या सहा वर्षांचं अंतर, पण बदल त्याच सुमारास झाला. पोलादी तुळयांच्या अंगावर कधीकधी कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं, तेही दुर्बिणीने शोधा.

रिबिटाचं डोकं घुमटासारखं गोल, बोल्टाचं षटकोनी. जुन्या पुलावर रिबिटांच्या रांगेत मध्येच चार-सहा बोल्ट दिसले तर तिथे दुरुस्ती झाली आहे.

यानंतर बघायचा तो गर्डर खांबावर टेकतो तो भाग. एक टोक पक्कं असतं, दुसऱ्याखाली रोलर किंवा घसरती पट्टी. १०० मीटर पोलाद ३० अंशांच्या तापमानफरकाने सुमारे ३६ मिलिमीटर लांबतं. ती जागा दिली नाही तर खांबाचा माथा फुटतो. रोलरभोवती माती आणि पक्ष्यांची घरटी साचली असतील तर तो अडकलाय, आणि खांबाच्या माथ्यावर चीर आहे का ते तिथेच बघायचं.

सर्वांत शेवटी पाया आणि लोखंड जोडणारे बोल्ट. अमेरिकेतला किन्झुआ पूल १८८२ साली लोखंडात बांधला, १९०० साली पोलादात नव्याने उभारला, पण पायाचे जुने बोल्ट तसेच ठेवून जोड देऊन वाढवले. ते जोड गंजले. २००३ साली चक्रीवातात वीसपैकी अकरा मनोरे पडले. उरलेल्या भागावर २०११ पासून लोक चालत जातात आणि दरीत पडलेले मनोरे वरून बघतात.

जुना रंग खरवडू नका. लोखंडाला गंज लागू नये म्हणून लाल शिशाचा रंग लावायची पद्धत होती आणि शिसं विषारी आहे. हात लागलाच तर खाण्याआधी धुवा.

उंची मोजायची सोपी रीत

चौरस कागद कर्णावर दुमडा. त्याची एक छोटी बाजू जमिनीला समांतर धरून लांब बाजूवरून पुलाच्या माथ्याकडे बघत मागे-पुढे सरका. माथा नेमका रेषेत आला की थांबा. तिथपासून पुलाच्या पायथ्यापर्यंतचं अंतर अधिक आपल्या डोळ्यांची उंची, म्हणजे पुलाची उंची. जमीन सपाट असेल तरच हे जमतं. उतारावर असाल तर थर मोजा: डोळ्यांसमोरच्या विटांचे दहा थर टेपने मोजा, वरपर्यंतचे थर दुर्बिणीतून मोजा आणि त्रैराशिक मांडा. दगडाच्या थरांची जाडी वर कमी होत जाते, तिथे हा हिशेब जास्त आकडा दाखवतो.

गाडी येते तेव्हा

४०० मीटरचा पूल स्लीपरांवरून जपून चालत ओलांडायला सहा-सात मिनिटं लागतात. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात ११ किलोमीटर कापते. म्हणजे पाऊल टाकताना गाडी दिसतही नाही, ऐकूही येत नाही, आणि पुलाच्या मध्यावर बाजूला व्हायला जागा नसते. भरधाव गाडीला थांबायला एक किलोमीटरहून जास्त अंतर लागू शकतं. विजेच्या मार्गावर वरच्या तारेत अनेकदा २५,००० व्होल्ट असतात; तिला न शिवताही धक्का बसतो, म्हणून कठड्यापाशी काठी, छत्री, सेल्फी स्टिक उंचावणं जिवावर बेतू शकतं.

खाली सुरक्षित जागी उभं राहून मात्र डोळे आणि कान दोन्ही लावा. दगडी पूल गाडीचा आवाज गिळतो, तळ नसलेला लोखंडी पूल ढोलासारखा घुमतो. इंजिन गाळ्याच्या मध्यावर आलं की गर्डर किंचित वाकतो आणि मागून सावरतो. फक्त एकाच गाळ्यातून खडखड येत असेल तर तिथला कुठलातरी जोड सैल आहे.

छायाचित्रासाठी एक हिशेब पुरतो: मोबाईलच्या नेहमीच्या लेन्सने अख्खा पूल बसवायला त्याच्या लांबीच्या पाऊण पट अंतरावर, साधारण मधोमध समोर उभं राहावं लागतं. ४०० मीटरच्या पुलाला ३०० मीटर. धावत्या गाडीला शटर १/१००० ठेवा. एक चित्र माणूस खांबाशेजारी उभा करून घ्या, नाहीतर घरी गेल्यावर मापच कळत नाही.

वहीत काय लिहावं

तारीख, वेळ, पाण्याची पातळी. पुलाचा क्रमांक आणि गाळ्यांची मापं पाटीवर असतील तर जशीच्या तशी. जुन्या पाट्यांवर मापं फुटांत असू शकतात, ती मीटरमध्ये बदलून लिहू नका. मग प्रत्येक खांबाला एका काठापासून क्रमांक देऊन त्याखाली दिसलेलं लिहा: ‘खांब ३, वरच्या प्रवाहाची बाजू, नाकाशी हातभर खड्डा; कमान ३-४, दोन चकत्या, पांढरे ओघळ.’ कोणत्या काठापासून मोजलं हे लिहायचं राहिलं तर सगळी टिपणं वाया जातात.

एखादा दगड किंवा विटा नुकत्याच निखळलेल्या, रूळ लटकलेला किंवा खांबाखाली पोकळी अशी काही ताजी इजा दिसली, तर चित्र काढून पुलाचा क्रमांक आणि जागा लगेच जवळच्या स्थानकावर कळवा. चालू मार्ग असेल तर वही पुरी करत बसू नका, आधी कळवा.

जमल्यास दुसरी फेरी मोठ्या पावसानंतर, पाणी ओसरल्यावर करा. ओल्या कमानीत पाणी नेमकं कुठून झिरपतं ते दिसतं आणि खांबांना अडकलेल्या काडीकचऱ्याची रेघ पूर कुठवर चढला ते दाखवते. पहिल्या फेरीत जिथून चित्रं घेतली त्याच जागांवरून पुन्हा घ्या, आणि खांब ३ चा खड्डा वाढलाय का ते आधी बघा.